एक्झ्यूड म्हणजे घाम

परभणीच्या स्टेशनात गाडी हलली, तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून थोडं चालत आले आणि म्हणाले, "बारसं झालं की परत. उगाच रेंगाळायचं नाही." त्यात माया होती, नाही असं नाही, पण हुकूम जास्त होता. माझ्या मांडीवर आईनं शिवलेली कापडी पिशवी होती. तिच्यात बाळंतिणीच्या लाडवांसाठी बाभळीचा डिंक, खारीक, अळीव, खसखस असं सगळं ठासून भरलेलं. "तिकडं डिंक मिळत नाही का गं?" असं मी विचारलं होतं, तर आई म्हणाली, "मिळत असंल. पण तो आपल्या बाभळीचा आहे का?" पोचवायला दादा बरोबर होता. मनमाडला गाडी बदलली आणि मी ताईच्या बाळंतपणासाठी लखनौला निघाले.

हे मी तुम्हाला लिहितेय, म्हणजे परभणीत राहिलेल्या माझ्या बहिणींना, वहिन्यांना, भाच्यांना, आणि माझ्यासारख्या कुठंकुठं जाऊन रुजलेल्यांनाही. निमित्त असं की मागे एका लग्नात माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "बिचारी, तिकडंच अडकली." मी ऐकलं. जेवण चाललं होतं म्हणून गप्प बसले. मी अडकले नाही. मी राहिले. त्या दोन गोष्टींत काय फरक आहे ते एकदा नीट सांगायचं होतं, आणि तो सांगताना एक इंग्रजी क्रियापद मध्ये येतं. त्याला माझा इलाज नाही, कारण त्याच क्रियापदावरून माझी नोकरी जायची वेळ आली होती.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. भाऊजी बँकेत होते आणि बदली होऊन लखनौला आले होते. महानगर नावाच्या वस्तीत, तिथल्या कपूरथला बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांनी वरचा मजला भाड्यानं घेतला होता. मी मोठ्या तोऱ्यात गेले होते. परभणीत आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हिंदी बोलत, त्यामुळे हिंदी आपल्याला येतंच, असा माझा समज. पहिल्याच सकाळी खाली भाजीवाला आला. मी म्हटलं, "भैया, मेरेकू पाव किलो भेंडी दो ना, और तुम अच्छीवाली क्यों छुपाके रखे?" तो माणूस हातातला तराजू तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "बिटिया, आप कहाँ से तशरीफ़ लाई हैं?" वर बाल्कनीत ताई पोट धरून हसत होती, आणि आठव्या महिन्याचं पोट धरून हसणं काही सोपं नसतं.

तिथं भाजीवालाही 'आप' म्हणतो. रिक्षावालाही 'आप' म्हणतो. भांडतानासुद्धा एकमेकांना 'आप' म्हणतात आणि मग जे म्हणायचं ते म्हणतात. मी कुणालाही 'तुम' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर, दुधात माशी पडल्यावर होतो तसा भाव यायचा. तरी मला ते शहर आवडलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते. तिथं मला कुणी पाहायला येत नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल, बी.ए. झाल्यावर मला किती स्थळं आली ते. आणि माझे हात. मला लहानपणापासून तळहातांना घाम येतो. थंडी असो, ऊन असो, जरा चार माणसं समोर आली की हात ओले. आई म्हणायची, "हिला भाकरी थापायला वेगळं पाणी लागत नाही." ती चेष्टेनं म्हणायची. पण एकदा पोहे द्यायला पुढे गेले आणि बशी हातातून निसटली, तेव्हा मुलाच्या आत्यानं माझा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि तिथंच सगळ्यांदेखत म्हणाली, "मुलीच्या हाताला घाम सुटतो. काही आजार तर नाही ना?" ते स्थळ मोडलं याचं मला काडीचं दुःख नाही. पण बाबा त्या दिवशी त्या बाईला काही बोलले नाहीत, उलट मलाच म्हणाले, "रुमाल ठेवत जा." ते मला लागलं.

तर ताईला मुलगी झाली. बारसं झालं. डिंकाचे लाडू संपले. आणि मी परत गेले नाही.

झालं असं की त्या सुमारास खासगी विमान कंपन्या नव्यानं सुरू होत होत्या आणि त्यातली एक अमौसीच्या विमानतळावर काउंटरसाठी मुली शोधत होती. पदवी हवी, इंग्रजी हवं. जाहिरात भाऊजींनीच दाखवली, तीही गंमत म्हणून. मी अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तुम्ही विमानात बसला आहात का? मी म्हटलं, विमान जवळून पाहिलेलंसुद्धा नाही. तो हसला आणि मला घेतलं. सहा महिन्यांच्या परीक्षेवर. बाबांना रविवारी एसटीडी बूथवरून फोन केला. म्हणाले, "ठीक. हौस फिटू दे. एक स्थळ आलंय, परतूरचं. माघात बोलणी करू. तोवर ये." त्यांच्या मते मी सहलीला गेले होते.

नोकरीत पहिल्या आठवड्यात दिल्लीहून मिसेस खन्ना आल्या. त्या आम्हा मुलींना घडवायला आल्या होत्या. केस कसे बांधायचे, लिपस्टिक कुठली, उभं कसं राहायचं, हसताना किती दात दिसले पाहिजेत. बाई हुशार होत्या आणि दिसायला सुरेख. मी बोर्डिंग पास लिहिताना माझ्या हाताखालचा कागद ओला होऊन शाई फाकली, ती त्यांनी पाहिली. कागद दोन बोटांत धरून वर केला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यू मस्ट एक्झ्यूड कॉन्फिडन्स, माय डिअर. नॉट दिस." बाकीच्या मुली हसल्या. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते या गोष्टीचं की मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि एक्झ्यूड हा शब्द मला येत नव्हता.

घरी येऊन भाऊजींचा इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. त्यात दिलं होतं: पाझरणे, स्रवणे. मी ताईला म्हटलं, "त्या बाई म्हणतात, आत्मविश्वास पाझरू दे." ताई बाळाला पाजत होती, ती म्हणाली, "भांडं लावू का खाली?"

हसण्यावारी नेलं, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. मराठीत मडकं झिरपतं. डोंगर पाझरतो. न्हालेले केस निथळतात, जखम स्रवते, छप्पर गळतं, नळ ठिबकतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आणि प्रत्येकाला आपला शब्द. आत्मविश्वास यातलं काहीच करत नाही. तो चेहऱ्यावर दिसतो, फार तर बोलण्यातून जाणवतो. इंग्रजांनी मात्र तो कातडीतून बाहेर काढला होता. सुट्टीच्या दिवशी मी हजरतगंजातल्या एका वाचनालयात गेले आणि तिथला उशीएवढा इंग्रजी शब्दकोश काढून बसले. या शब्दाचं मूळ काय, हे पाहायला.

मूळ लॅटिन. दोन तुकडे. पहिल्याचा अर्थ बाहेर, दुसऱ्याचा अर्थ घाम येणे. एक्झ्यूड म्हणजे घाम बाहेर पडणे. बस. एवढंच. आणि खाली बारीक अक्षरात हेही दिलं होतं की त्या लॅटिन घामाचं आणि आपल्या संस्कृत स्वेदाचं कूळ एकच. शाळेत आम्हाला स्वेद पाठ होता. मी त्या शांत वाचनालयात मोठ्यानं हसले आणि समोरचे गृहस्थ चष्म्यावरून बघायला लागले. ज्या शब्दानं माझ्या घामाला नावं ठेवली, तो शब्द स्वतःच घामातून आला होता, आणि तोही आमच्याच भाऊबंदांपैकी.

मग मी त्याच्या मागेच लागले. वर्तमानपत्रात, मासिकात जिथं दिसेल तिथं तो कसा वापरलाय ते बघायची. जुना वापर सगळा झाडापेडांचा. खोडातून डिंक येतो, राळ येते, तिथं हा शब्द. माणसांच्या बाबतीत तो पुढं आला, आणि तिथं त्याच्यामागे नेहमी गोड गोड काहीतरी, आत्मविश्वास, रुबाब, मोहकपणा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुणीही स्वतःबद्दल तो वापरत नाही. 'ती एक्झ्यूड करते' असं दुसरा म्हणतो. 'मी करते' असं म्हणणारा माणूस मला कुठंच सापडला नाही. आणि 'कर' असा हुकूम तर फक्त मिसेस खन्नाच देत. आमच्या शेताच्या बांधावर बाभळी आहेत. डिंक हवा असला की आजोबा खोडाला कोयत्यानं चीर द्यायचे आणि घरी यायचे. चार-आठ दिवसांनी जाऊन बघायचं. बाभळीपुढं उभं राहून, चल, गाळ डिंक, असं कुणी म्हणत नाही. चीर दिल्याशिवाय तो येत नाही, आणि चीर दिली की सांगावं लागत नाही. एवढं मला कळलं आणि मी मिसेस खन्नांना भ्यायची थांबले. हात मात्र ओलेच राहिले, ते काही व्युत्पत्तीनं वाळत नाहीत.

डिसेंबरात त्या परत आल्या आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट म्हणाल्या की जानेवारीअखेर कुणाला कायम करायचं ते त्या ठरवणार, आणि माझ्याबद्दल त्यांना शंका आहे. "काउंटर इज द फेस," म्हणाल्या. इकडे बाबांचा दर रविवारचा फोन, की परतूरची मंडळी विचारताहेत. म्हणजे सरळ होतं. नोकरी राहिली तर मी राहणार. नोकरी गेली तर माघात पोह्यांची बशी घेऊन परतूरच्या पुढं. ताईला मी म्हटलं होतं, "मी पुन्हा कुणापुढं हात उलटे करून दाखवणार नाही." ताईला तिच्या लग्नात कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग जानेवारीतला तो कोहऱ्याचा दिवस.

तुम्ही धुकं म्हणाल. लखनौचा कोहरा ज्यानं पाहिला नाही त्याला धुकं म्हणून काही कळायचं नाही. सकाळी आम्हाला न्यायला कंपनीची गाडी आली, तर ड्रायव्हर काच खाली करून, मान बाहेर काढून, रस्त्याची कड बघत बघत अमौसीला पोचला. दिल्लीहून आमचं विमान यायचं आणि तेच परत दिल्लीला जायचं. ते आलं नाही. सूर्य नावाची वस्तू त्या दिवशी उगवलीच नव्हती. हॉलमध्ये माणसं वाढत गेली, शाली, टोप्या, थर्मास, रडणारी पोरं. निवडीसाठी पुन्हा आलेल्या मिसेस खन्नाही त्याच विमानानं दिल्लीला परतणार होत्या, त्यामुळे त्या आमच्याच डोक्यावर उभ्या.

आमचे मॅनेजर तिवारीजी आम्हाला आतल्या खोलीत घेऊन म्हणाले, "जो भी पूछे, कहिए, बस आधा घंटा." विमान रद्द झालं असं सांगितलं की पैसे परत, हॉटेल, भांडणं. आधा घंटा म्हटलं की माणूस बसून राहतो. मिसेस खन्ना म्हणाल्या, "अँड से इट विथ अ स्माइल. एक्झ्यूड कॉन्फिडन्स, गर्ल्स." खरी गोष्ट अशी होती की विमान दिल्लीतच उभं होतं आणि आज तिथून निघणार नव्हतं. हवामान कार्यालयातला माणूस चहाच्या टपरीवर मला स्वतः म्हणाला होता, "आज तो चिड़िया भी नहीं उड़ेगी, मैडम."

बाकीच्या मुली आधा घंटा, आधा घंटा म्हणत होत्या, आणि खोटं सांगते असं नाही, अगदी छान म्हणत होत्या. माझ्यासमोर एक म्हातारं जोडपं आलं. गृहस्थ जुन्या लखनौतल्या चौक भागातले निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्टर साहब म्हणत होते. एका डोळ्याला हिरवी पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत त्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मुलानं विमानाचं तिकीट काढून दिलं होतं, जन्मात पहिल्यांदा. बाई काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "बिटिया, हम लोग कुछ नहीं जानते। आप ही के भरोसे बैठे हैं। सच-सच बता दीजिए, जहाज आएगा? नहीं तो हम रेलगाड़ी पकड़ लें।"

माझ्या हातांना घाम सुटला होता. काउंटरच्या लाकडावर माझ्या बोटांचे ओले ठसे उमटले होते आणि त्या बाईंना ते दिसत होते. मिसेस खन्ना तीन हातांवर उभ्या. मला वाटलं, आता ही चीर बसली. मी म्हटलं, "माताजी, जहाज आज नहीं आएगा। आप अभी चारबाग निकल जाइए। रेल कोहरे में धीरे चलती है, पर चलती है।"

मी हळू म्हटलं होतं. पण त्या हॉलमध्ये 'नहीं आएगा' हे दोन शब्द वाऱ्यासारखे गेले. क्षणात गलका. माणसं उठली, काउंटरवर आली, कुणी ट्रॉली आदळली, कुणी ओरडलं, सुबह से झूठ बोल रहे हैं. बाकीच्या मुली आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मिसेस खन्नाही गेल्या. मी राहिले, कारण माझ्यापुढची रांग माझ्याशीच बोलत होती. तिवारीजी लालबुंद होऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आपकी ड्यूटी ख़त्म। आप घर जाइए। कल से आने की ज़रूरत नहीं है।" तिथंही आप. नोकरीवरून काढतानासुद्धा आप.

मी पर्स उचलली. रडायचं नाही एवढं मनात ठरवलं होतं. आणि निघताना, त्या रांगेकडे वळून, तोंडातून जे निघालं ते सवयीनं निघालं. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. अभद्र वाटतं. दुकानातून निघालो तरी आपण 'येते' म्हणतो, मग पुन्हा तोंड बघायचं नसलं तरी. मी मराठीतला निरोप हिंदीत घेतला. म्हटलं, "अच्छा, आती हूँ।"

आणि बाहेर जाऊन कंपनीच्या गाडीत बसले.

गाडी सुटेना, कारण कोहरा. ड्रायव्हर म्हणाला, जरा थांबू. मी काचेवर बोटानं रेघा ओढत, परतूरचं स्थळ डोळ्यांपुढं आणत बसले होते. तेवढ्यात सामान चढवणारा मिशाळ लोडर रामसजीवन धापा टाकत आला. "मैडम, चलिए अंदर। वो लोग लाइन से बैठ गए हैं। तिवारीजी से बात ही नहीं कर रहे। कहते हैं, मैडम कह के गई हैं, आती हूँ।"

मला आधी कळेना. मग कळलं, आणि हसू की रडू असं झालं. त्या माणसांना आपला रिवाज काय ठाऊक? त्यांच्या लखनौत आती हूँ म्हणजे येतेच. आणि सकाळपासून ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात तेवढं एकच त्यांना खरं वाटलं होतं. मी गाडीतून उतरले. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणजे कंपनीनं नव्हतं. पण मी म्हणाले होते.

आत खरोखरच रांग. मास्टर साहब बाकावर, बाई शेजारी, आणि मागं सगळे. मी काउंटरच्या आत न जाता बाहेरच उभी राहिले, कारण आतला अधिकार माझ्याकडे नव्हता. म्हटलं, "देखो," आणि लगेच सुधारलं, "देखिए। मेरेकू जितना मालूम है, उतना बोलती हूँ।" कुणी हसलं नाही. मग कुणाला आजच जायलाच हवं ते विचारलं. त्यांचे गट केले, टॅक्सीत चार-चार बसवून चारबाग स्टेशनला लावले. चारबागला कुली गाठा, तो बसायची जागा मिळवून देईल, असं सांगितलं. ज्यांना थांबता येत होतं त्यांना उद्याच्या यादीत घ्या, असं तिवारीजींना सांगितलं. त्यांना घ्यावंच लागलं, करणार काय? माझे हात निथळत होते. मास्टर साहब निघताना मी त्यांचा हात धरून टॅक्सीत बसवलं, तर म्हणाले, "अरे, आपके हाथ तो बिलकुल भीगे हुए हैं बिटिया।" मी म्हटलं, "जी, रहते हैं।" ते म्हणाले, "अच्छा है," आणि बसले. का अच्छा, ते काही सांगितलं नाही.

हॉल रिकामा झाला तेव्हा एक प्रवासी उरला होता. मिसेस खन्ना. केस विस्कटलेले, लिपस्टिक चहाच्या कपाला गेलेली. त्यांनी विचारलं, इंग्रजीत नाही, हिंदीत, "मैं क्या करूँ? कल सुबह दिल्ली में मीटिंग है।" मी म्हटलं, "मैम, आप भी ट्रेन से जाइए।" शेवटच्या टॅक्सीत एक जागा होती, तिथं एका लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांना बसवलं. चेष्टा करायची संधी होती. केली नाही. थंडी फार होती.

दुसऱ्या दिवशी, 'आने की ज़रूरत नहीं' असं सांगितलेलं असूनही, मी गेले. ऊन पडलं होतं, विमान येणार होतं. कालची उरलेली माणसं आली आणि सगळी माझ्याच काउंटरपुढं उभी राहिली. शेजारची दोन काउंटरं मोकळी. तिवारीजींनी दोनदा हाका मारून पाहिल्या, इधर आ जाइए, इधर ख़ाली है, पण कुणी हलेना. शेवटी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बैठी रहिए।" संध्याकाळी दिल्लीहून मिसेस खन्नांचा फोन आला. तिवारीजींनी मला नंतर सांगितलं तो निरोप असा: तिला ठेवा, पण सांगा, रुमाल जवळ बाळगत जा.

नोकरी राहिली. रुमाल मी कधीच ठेवला नाही.

त्या रविवारी मीच बाबांना फोन केला. म्हटलं, मी येणार नाही, परतूरला कळवून टाका. ते चिडले. म्हणाले, "कोण आहे तिथं तुझं?" मी म्हटलं, "मी आहे." बूथवाला मीटरकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी फोन ठेवला, आणि पुढं कितीतरी रविवार घंटा वाजली नाही. आईचा आवाज ऐकायचा तर शेजारच्या काकूंकडे फोन करावा लागे. ते दिवस वाईट गेले. मी ते गोड करून सांगणार नाही. ताईच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला, भाऊजींची बदली झाली, ती मंडळी निघून गेली, आणि महानगरातच एक खोली घेऊन मी एकटी राहिले. तुमच्यातल्या काहींनी तेव्हा काय काय म्हटलं ते माझ्यापर्यंत पोचलेलं आहे. असू दे.

आता लखनौतच, गोमती नगरात, स्वतःच्या घरात आहे. नवरा इकडचाच, कानपूरचा. मुलगा मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देतो, "हाँ आई, आ रहा हूँ यार," आणि मी त्याला रागावते मराठीत आणि थकले की हिंदीत. सब्जी आणते, भाजी करते. 'मेरेकू' अजून तोंडातून निसटतं आणि आता मी ते आवरत नाही. नव्या मुलींना शिकवायचं काम पुढं माझ्याकडे आलं. मी त्यांना कधी एक्झ्यूड करा असं सांगितलं नाही. माहीत असेल ते सांगा, माहीत नसेल तर तेही सांगा, आणि काउंटर सोडू नका, एवढंच सांगत आले. एखादीचे हात थरथरतात, एखादीचा आवाज चिरकतो. होऊ दे म्हणते. आतलं बाहेर येतंय, येऊ दे.

पण बाबांचं सांगायचं राहिलं. त्या फोननंतर वर्ष उलटल्यावर ते अचानक आले. न कळवता. खोलीला कुलूप पाहून, शेजाऱ्यांना विचारून, सवारी टेम्पो बदलत अमौसीला पोचले. मी काउंटरवर होते, समोर गर्दी. मान वर केली तर समोरच्या खुर्चीवर धोतर, काळी टोपी, मांडीवर पिशवी. मला हात करू दिला नाही, आधी काम, अशी खूण केली. माझी ड्यूटी संपेपर्यंत ते तिथं बसून होते. मी अधूनमधून बघत होते. ते माझ्या हातांकडे बघत होते. ओल्या हातांनी मी पास देत होते, लोक घेत होते, आणि कुणी हात उलटा करून बघत नव्हतं.

बाहेर आले. वाटलं, आता बोलणी बसणार. माझी जुनी स्कूटी उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, धोतराचा सोगा आवरला, पिशवी पुढं घेतली, आणि लेकीच्या मागं बसले. परभणीत ते कुणाच्याच मागं बसत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. रस्ता कुठला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या तळहाताचा ओलावा माझ्या शर्टाला लागला, आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की हे हात मला कुणाकडून आले. मी स्कूटी सुरू केली. तेव्हा बाबा म्हणाले, "चल, घरी जाऊ."

महानगरातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीला त्यांनी घर म्हटलं. तेव्हापासून परभणीतून कुणी विचारलं, घरी कधी येणार, तर मी सांगते, घरीच आहे. तुम्ही कधी येताय?